साथीच्या काळातील आपली वागणूक
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही शिकलेले वक्ते नव्हे. सातवी झाली आणि गिरणीत त्रासन खात्यात बदली म्हणून लागलो. रात्रपाळी करून वाचनालयात जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आमची गिरणी बंद झाली, ती काही पुन्हा उघडली नाही. पण पोटाचे दुःख सांगायला आज आम्ही उभे नाही. कोरोनाच्या त्या दिवसांत आपण एकमेकांशी कसे वागलो, ते बोलायचे आहे.

तेव्हा एक शब्द आला, 'सामाजिक अंतर'. ऐकून अंगावर काटा आला बघा! सामाजिक अंतर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. पण आपल्याकडे पहिलाच शब्द रुळला. आणि दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, मजल्याला एक नळ. तिथे सहा फूट आणायचे कुठून?

आता आमचीच गोष्ट सांगतो. सांगताना मान खाली जाते. आमच्या चाळीतली एक भगिनी हॉस्पिटलात आया आहे. त्या दिवसांत रोज कामावर जात होती. चाळीत कुजबुज सुरू झाली. मग आम्ही चौघे पुढारी नळावर गेलो आणि तिला म्हणालो, "ताई, तुमचा हंडा सगळ्यांच्या मागून लावा. नळाला हात लावू नका, दुसरं कोणी भरून देईल." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, वीस मार्चला आपण महाडला कशाला जातो?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. १९२७ च्या चवदार तळ्यावर दरवर्षी भाषण ठोकणारे आम्ही! करायचे होते एवढेच, की तोंडाला फडके बांधायचे, हात साबणाने धुवायचे, एकेकाने येऊन पाणी भरायचे. आणि ते सगळ्यांनी, तिने एकटीने नव्हे.

भीती नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. रुग्णाला घरातून जबरदस्तीने उचलून नेतात, म्हणून लोक बिथरले. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. म्हणजे आमचेच पूर्वज की हो! तेच आजचे कस्तुरबा हॉस्पिटल. कोरोनाचे मुंबईतले पहिले रुग्ण तिथेच ठेवले होते. त्या प्लेगात इंग्रजांनी १८९७ चा साथरोग कायदा केला. एप्रिल २०२० मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती करावी लागली, कारण लोक डॉक्टर-नर्सच्या अंगावर जाऊ लागले होते.

पण त्याच प्लेगातली आपली सावित्रीमाई आठवा. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर मुलगा डॉ. यशवंत यांचा दवाखाना. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर माईंनी पाठीवर घेऊन तिथे पोचवले. पोर जगले असे सांगतात. माईंना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कुणी म्हणेल, आम्ही काही सावित्रीमाई नव्हे. कबूल. पण आम्हाला पाठीवर कुणाला घ्यायचे नव्हते. नळावर एका बाईला तिच्या नंबराने पाणी भरू द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे तिच्या दारात गेलो, माफी मागितली. तिने चहा टाकला. आम्ही गॅलरीत लांब लांब बसून प्यालो. राग धरला नाही बाईने. पण पुढे वर्षभर ती आपला हंडा शेवटीच लावायची. "ताई, पुढे व्हा," म्हटले तरी म्हणायची, "असू द्या दादा."