पाडलेली विमाने आणि मांडलेले आकडे
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



गणपतीपुढे लढाऊ विमानांच्या गोष्टी सांगायला आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या अभ्यासवर्गात यंदा दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तके वाचताना एक तक्ता पुनःपुन्हा समोर आला. एरिख हार्टमन ३५२, गेरहार्ड बार्कहॉर्न ३०१, ग्युंथर राल २७५. जर्मन वैमानिकांनी पाडलेल्या विमानांचे हे आकडे. आमच्यातले तरुण भारावून गेले. ज्येष्ठ म्हणाले, "सगळा नाझी प्रचार. एका विमानाला चार इंजिने, म्हणून चार विमाने धरली असतील." खोलात शिरलो तेव्हा कळले, की दोन्ही बाजूंनी घाई केली होती.

इंजिने मोजण्याची गोष्ट खोटी. पश्चिमेच्या आघाडीवर पदकांसाठी गुण देत, चार इंजिनांच्या विमानाला तीन. पण तो हिशेब पदकांचा. विमान एकच धरले जाई. आकडे मोठे होण्याला सरळ कारणेही होती. ब्रिटिश व अमेरिकन वैमानिकाला ठराविक काळानंतर आघाडीवरून मागे बोलावत. जर्मन वैमानिक मात्र मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडत राही. हार्टमनने सुमारे १,४०० उड्डाणे केली.

पद्धतही कागदावर कडक होती. वेळ, ठिकाण, विमानाचा प्रकार, ते कसे पडले आणि साक्षीदार कोण, हे सारे अर्जात लिहावे लागे. अर्ज तुकडीकडून बर्लिनला हवाई मंत्रालयात जाई आणि मंजुरीला कित्येक महिने लागत. एक विमान एकाच वैमानिकाच्या नावावर, वाटणी नाही.

मग घोटाळा कुठे? आकाशात. चकमक काही सेकंदांची. दोघे एकाच विमानावर गोळ्या झाडतात आणि दोघांनाही ते आपणच पाडले असे प्रामाणिकपणे वाटते. धूर सोडत खाली गेलेले विमान ढगाखाली सावरून घरी पोचते. साक्षीदार म्हणजे बहुधा आपलाच जोडीदार. त्यात मानाचा नाइट्स क्रॉस गळ्यात घालायचा, म्हणून त्यासाठी हपापलेल्याला सोबती चिडवत, "याचा गळा दुखतोय." १९४२ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आफ्रिकेत एका जर्मन तुकडीतल्या चौघांवर त्यांच्याच सहकाऱ्यांनी खोट्या दाव्यांचा संशय घेतला होता.

हा दोष एकट्या जर्मनांचा नव्हे. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ विमाने पाडल्याचे जाहीर केले. जर्मनांची प्रत्यक्षात गेली साठाच्या आसपास. १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकन बाँबफेकी विमानांतल्या तोफचींनी २८८ जर्मन लढाऊ विमानांचा दावा केला. खरा आकडा तीसही नव्हता. एका विमानावर दहा जण गोळ्या झाडतात, मग दहाही जण ते आपलेच म्हणतात.

फुगलेला आकडा प्रथम घरच्यांनाच फसवतो. दाव्यांची बेरीज करून जर्मन हेरखात्याने ठरवले होते, की ब्रिटनकडे आता फारशी विमाने उरली नाहीत. लंडनवर आलेल्या जर्मन वैमानिकांसमोर त्याच १५ सप्टेंबरला शेकडो विमाने उभी राहिली. "ही आली शेवटची पन्नास स्पिटफायर," असा कडवट विनोद त्यांच्यात रूढ झाला.

मग भरवसा कशावर ठेवायचा? आमचे उत्तर साधे आहे: कोठीच्या वहीवर. किती विमाने गेली हे लपवून नवी मागवता येत नाहीत. म्हणून मारणाऱ्याच्या दाव्यापेक्षा गमावणाऱ्याची नोंद अधिक खरी. रशियातली दप्तरे १९९१ नंतर खुली होऊ लागली, तेव्हा कुठे पूर्वेकडच्या दाव्यांची अशी जुळणी नीट सुरू झाली. काही दिवशी मेळ बसतो, काही दिवशी बसत नाही.

शिवाय युद्धाच्या शेवटी जर्मन कागद मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. अखेरच्या महिन्यांची मंजुरीची कागदपत्रे अपुरी आहेत. तिथले रकाने उड्डाणवह्या, पत्रे आणि आठवणींवरून भरले गेले. पण पुस्तकात छापताना मंजूर दावा, नामंजूर दावा आणि म्हाताऱ्या सैनिकाची आठवण, तिन्ही एकाच टायपात येतात. वाचकाला फरक कळत नाही. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक आपल्याला नवा नाही. बखर टाकून द्यायची नसते, पण पत्राशी ताडल्याशिवाय तिच्यातली तारीखही घ्यायची नसते.

कुणी विचारेल, ऐंशी वर्षांनी हा काथ्याकूट कशाला? त्या तक्त्यातला प्रत्येक एकक म्हणजे एक विमान, आणि आत कुणाचा तरी मुलगा. चुकीचा आकडा घरी परतलेल्याला कागदावर मारतो. आणि जो खरोखर पडला, त्याची नोंद शोधणाऱ्या घरच्यांना भलत्याच वाटेवर नेतो.

म्हणून आमची एवढीच विनंती. मुलांना या गोष्टी जरूर सांगा, पण ३५२ "पाडली" असे म्हणू नका. ३५२ "पाडल्याची नोंद आहे" असे म्हणा. दोन शब्द जास्त लागतील. विद्येच्या देवतेपुढे तेवढे खर्च करायला हरकत नाही.