परिस्थितीची साक्ष



खून सहसा चारचौघांसमक्ष होत नाही. पाहणारा कोणी नाही म्हणून मारेकऱ्याने मोकळे सुटावे काय? कायदा म्हणतो, नाही. माणूस बोलत नसेल तेथे परिस्थितीची साक्ष घ्यावी. पण ही साक्ष पुरेशी झाली असे केव्हा मानावे? पुण्याच्या दोन खटल्यांवरून आम्ही याचा विचार करणार आहोत.

पहिला खटला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेला घेऊन ते १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री आगगाडीने मुंबईस निघाले. दुसऱ्या दिवशी बाई बेशुद्ध स्थितीत रुग्णालयात दाखल झाल्या आणि त्याच दिवशी वारल्या. तपासणीत विष सापडले नाही. तरीही फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अपील फेटाळले. कारण रुग्णालयात बाईंचे नाव खोटे सांगितले गेले होते. प्रेत बेवारस राहिले. बाई जिवंत असून त्यांनी पुनर्विवाह केला, अशी बनावट पत्रे आप्तांना गेली. आणि दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांनी घशात घातली. तीन न्यायाधीशांपैकी न्यायमूर्ती सरकार यांना मात्र एवढा पुरावा पुरेसा वाटला नाही.

दुसरा खटला शरद बिर्धीचंद सारडा यांचा. विवाहानंतर चारच महिन्यांनी, ११ जून १९८२ च्या रात्री, त्यांची पत्नी वारली. येथे विष सापडले, पोटॅशियम सायनाइड. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सारडा यांना निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता पुराव्याने दूर झाली नव्हती.

विष नाही तेथे फाशी, आणि विष आहे तेथे सुटका! हा विरोध वरवरचा आहे. सारडा निकालात न्यायमूर्ती फजल अली यांनी पाच कसोट्या सांगून त्यांना पंचशील म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत हवी. ती आरोपीच्या अपराधाशीच जुळावी. ती निर्णायक असावी. दुसरी प्रत्येक शक्यता तिने दूर करावी. आणि साखळी अखंड हवी. आरोपी खोटे बोलला, एवढ्याने तुटलेला दुवा सांधला जात नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी या कसोट्या सुटलेल्या नाहीत.

पेण-रोह्याच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खारजमिनीचा बांध मैलभर भक्कम असला, पण एके ठिकाणी खांड पडली, तर उधाणाचे पाणी सारे शेत बुडवते. ‘बाकीचा बांध मजबूत होता’ म्हणून भात वाचत नाही. पुराव्याचेही तसेच आहे. येथला खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो, अपील मुंबईस उच्च न्यायालयात जाते. तेथे न्यायाधीश ही खांडच शोधतात. ते गुन्हेगाराचे लाड नव्हेत. फाशी दिल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही.

आणि हा बांध घालणारे आपणच असतो. आरोपीने दाखवलेली वस्तू पोलीस हस्तगत करतात, तेव्हा पंच म्हणून बोलावला जातो तो बाजारपेठेतला दुकानदार, शाळामास्तर, शेजारी. ‘आरोपी मयताबरोबर शेवटचा दिसला’ हे सांगणाराही गावकरीच. न पाहता, न वाचता पंचनाम्यावर सही केली, किंवा चावडीवरची कुजबुज डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली, की खांड पडलीच. मग एक तर अपराधी सुटतो, नाही तर निरपराध तुरुंगात पिचतो. ‘यानेच केले असेल’ आणि ‘यानेच केले’ यांत एका माणसाच्या जिवाचे अंतर आहे. पंचनाम्याचा कागद पुढे आला, तर आधी वाचा, जे पाहिले तेवढेच लिहिले आहे याची खात्री करा, आणि मगच सही करा.