चित्रावाचून अडते कोणाचे?

वास्तुचित्रणाच्या धंद्यात फ्रीलान्सर म्हणून उतरणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो गिऱ्हाइकाचा. माझ्या चित्राला गिऱ्हाईक कुठे मिळेल, असे तो विचारतो. मला वाटते, प्रश्न उलटा करायला हवा: चित्रावाचून कोणाचा निर्णय अडला आहे? १९१२ साली वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी कॅनबेराच्या नगररचनेची स्पर्धा जिंकली, त्यात मॅरियन माहोनी ग्रिफिन यांनी रेखाटलेल्या दृश्यांचा मोठा वाटा होता. अस्तित्वात नसलेल्या शहराबद्दल परीक्षकांना निर्णय घ्यायचा होता आणि चित्रांनी तो सोपा केला.

आज महाराष्ट्रात असे अडलेले निर्णय जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या पुनर्विकासात ढिगाने सापडतील. २०१९ च्या शासन निर्णयानुसार विकासक निवडायला विशेष सर्वसाधारण सभेत किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. या सभासदांतल्या बहुतेकांना नकाशा वाचता येत नाही. नकाशावरचा डक्ट, म्हणजे इमारतीतली उभी पोकळी, त्यांना नुसता एक रिकामा चौकोन दिसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मात्र आपल्या ओट्यासमोरची खिडकी त्या डक्टमध्ये उघडणार की रस्त्याकडे, एवढेच जाणून घ्यायचे असते. मोठे स्टुडिओ संध्याकाळच्या आभाळाखाली उजळलेला टॉवर दाखवतात. ओट्यावर कुठून उजेड येईल हे सहसा कोणी दाखवत नाही. नवख्याची जागा तिथे आहे. म्हणून त्याने बड्या बिल्डरच्या दारात ताटकळण्याऐवजी सोसायटीचे प्रकल्प सल्लागार, दोन-तीन माणसांची वास्तुविशारद कार्यालये आणि मॉड्युलर किचनवाले यांच्याकडे जावे.

यावर कोणी म्हणेल, आधीचे काम हाताशी नसताना भेट तरी कोण देईल? पण नमुना दाखवायला आधी कोणी काम द्यायलाच हवे असे नाही. राहत्या इमारतीची मापे घ्या आणि तीनच चित्रे करा: स्वयंपाकघर, जिना, पावसातले पार्किंग. मात्र ती इथलीच वाटली पाहिजेत. मुंबई-पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. ज्याच्या चित्रात दादरच्या खिडकीबाहेर मेपल आणि घरात युरोपातला तिरपा उजेड दिसतो, त्याने जागा पाहिलेलीच नाही हे जाणकाराला लगेच कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एआय मिनिटभरात चित्र देते, मग आपल्याला पैसे कोण देणार? ते चित्र देते हे खरे, पण ते त्याच फ्लॅटचे असेल याची हमी देत नाही. खिडकी फूटभर सरकली किंवा नकाशातला खांब गायब झाला, तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाई विकासकाला द्यावी लागते. त्यामुळे नकाशाशी इंचाइंचाने जुळणारे चित्र ही विकासकाचीही गरज आहे, आणि त्या गरजेला किंमत आहे. पहिले काम फुकट करून ती किंमत आपणच पुसू नये. सुरुवातीला काम लहान घ्यावे: एक चित्र, दोनदा दुरुस्ती, निम्मे पैसे आगाऊ, सगळे लेखी.

ओळख वाढवा असा सल्ला सगळेच देतात. पण या धंद्यातली ओळख टिकते ती घराचा ताबा मिळाल्यानंतर. चित्रातली खिडकी आजींना घरातही त्याच जागी सापडली, तर पुढच्या सोसायटीत आपले नाव त्याच सांगतील.