बंदर आणि विदर्भाचा कापूस

श्रोतेहो, समुद्रापासून आठशे किलोमीटर दूर बसून बंदराच्या गोष्टी कशाला सांगता, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. पण परदेशी जाणाऱ्या कापसाला हिंगणघाटच्या बाजारात जो भाव मिळतो, त्यातून गाठ बंदरापर्यंत पोचवण्याचा खर्च आधीच वजा झालेला असतो. तो वाढला, तर व्यापारी काही आपल्या खिशातून भरत नाही, हे आपणांस मी काय सांगावे!

पूर्वी नागपूर-वर्ध्याकडचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८६७ साली आगगाडी नागपूरला आली आणि कापसाने मुंबईची वाट धरली. मुंबईत मात्र तेव्हा मोठी जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राहत आणि गाठी होड्यांतून न्याव्या लागत. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी झाली.

गोदीची युक्ती मोठी गमतीची आहे, बरं का! मुंबईला मोठ्या उधाणात समुद्राचे पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते. भरतीला गोदीचा दरवाजा उघडून जहाज आत घ्यायचे आणि ओहोटी लागण्यापूर्वी दरवाजा लावून पाणी आत कोंडायचे. भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत पाणी अडवतात ना, तसेच. बाहेर समुद्र ओसरला, तरी आत जहाज तरंगते आणि माल चढत राहतो. शिक्षक बंधुभगिनींनी भूगोलाच्या तासाला एक टोपले आणि वाटी घेऊन हे मुलांना जरूर करून दाखवावे.

तरीही एकेक गाठ, एकेक पोते कामगारांच्या हातूनच चढे-उतरे आणि जहाजे दिवसचे दिवस अडकून पडत. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने मालाने भरलेली पेटीच जहाजावर चढवली. हाच कंटेनर, वीस किंवा चाळीस फूट लांबीचा. यारीने उचलला की काम झाले. पण त्यासाठी मोठे मोकळे आवार आणि खोल पाणी हवे. जुन्या गोद्यांत ते कुठून येणार? म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. देशाच्या प्रमुख सरकारी बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरांपैकी जवळजवळ निम्मे तेथून जातात. नागपुरातही अजनीला कंटेनर डेपो निघाला. जकातीची तपासणी इथेच करून पेटीला मोहोर लागली, की बंदरावर ती पुन्हा फोडायचे कारण नाही. म्हणजे एका अर्थी बंदरच आपल्या दाराशी आले.

पण दुसऱ्या कोणाच्या दारातून काही गेले, तेही ऐका. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी उरण भागातील आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी गोळीबारात पाच जण ठार झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला देण्याचा नियम त्या रक्तातून आला. बंदरग्रस्तांना मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. शेवा गावचे कोळी ज्या हनुमान कोळीवाड्यात नेऊन वसवले, तेथल्या घरांना वाळवीने पोखरले. धरणाखाली गाव गेलेल्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

आता जहाजे आणखी मोठी झाली आहेत. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे किनाऱ्यालगत सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे. तेथल्या नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च अंदाजे ७६ हजार कोटी रुपये. समुद्रात भराव घालून सुमारे १,४४८ हेक्टर जागा करावयाची आहे. १९९८ साली याच जागेच्या बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता. २०२३ मध्ये अटी घालून होकार दिला. तिथले मच्छीमार आजवर विरोध करीत आले आहेत. त्यांचे म्हणणे साधे आहे: शेतकऱ्याची जमीन सातबाऱ्यावर असते, म्हणून मोबदला तरी मागता येतो. आमचे शेत म्हणजे समुद्र. भराव पडला, तर आम्ही कोणता उतारा दाखवावा?