परत आलेले मूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या घरी जे घडले त्यावर चार शब्द बोला, इतर आयांना उपयोग होईल." माझा मुलगा लष्करी अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला होता. शारीरिक चाचण्यांत तो मागे पडला, त्याला एकदा खालच्या सत्रात बसविले, पुन्हा तेच झाले, आणि संस्थेने त्याला घरी पाठविले. गावात सर्वांना हे ठाऊकच आहे. संस्थेचे नाव घेत नाही, कारण माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती आपल्या बोलण्याच्या रीतीबद्दल आहे.

प्रथम हे शिक्षण किती कठीण असते ते सांगते. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपण ऐकून आहोत. १९४९ साली पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसविली. तिच्यासाठी वर्षातून दोनदा परीक्षा होते, लाखो मुले बसतात, आणि एका खेपेला जागा असतात सुमारे चारशे. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. आत गेल्यावर तीन वर्षे, सहा सत्रे. पुस्तकी अभ्यास आहेच, शिवाय कवायत, पोहणे, लांब पल्ल्याची धाव. एका सत्रात कमी पडलेल्याला मागे ठेवतात. वारंवार कमी पडला तर परत पाठवितात. महाराष्ट्रातील मुलांसाठी राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पूर्वतयारीची संस्था काढली. आता मुलीही या वाटेने जातात. २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून पहिल्या १७ मुली शिकून बाहेर पडल्या. तेव्हा भगिनींनो, उद्या हा प्रसंग लेकीच्या आईवरही येऊ शकतो.

परत येणारी सारी मुले एका कारणाने येत नाहीत. कोणी शिस्तभंगामुळे येतो, कोणी परीक्षेत वा चाचणीत मागे पडल्यामुळे, तर कोणी शिक्षण चालू असताना जखमी होऊन. आपण मात्र तिघांनाही एकच शब्द लावतो : "काढून टाकला." कचरा काढून टाकतात, बायांनो, मुलाला काय म्हणून तो शब्द लावायचा?

निवड झाली तेव्हा गावाने हार घातले, बसथांब्यावर फटाके वाजले, आम्ही गडावर जाऊन रेणुकामातेला पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला. त्या आनंदात खोटे काहीच नव्हते. पण जितके मोठे हार, तितके मुलाला परत येणे अवघड होते. तो आला तो रात्रीच्या गाडीने, कोणी पाहू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात प्रश्न : "कामून आलं हो पोरगं परत?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते, पण आतल्या खोलीत बसलेल्या त्याला प्रत्येक प्रश्न ऐकू येत होता.

ह्यांनी पहिल्याच दिवशी घरात सांगून टाकले की, महिनाभर त्याला कोणी कारण विचारायचे नाही. जेवायला मात्र पानावर सर्वांबरोबर बसायचे. मी रात्री त्याच्या खोलीचे दार लोटू दिले नाही. आईला भीती कसली असते ते येथे बसलेल्या प्रत्येकीला कळते. ती भीती मनात कोंडू नये. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. तेथे फुकट बोलता येते, मराठीतही. मी स्वतः दोनदा बोलले, आणि नंतर तोही बोलला.

दुसरी गोष्ट कागदांची. प्रवेशाच्या वेळी आईबाप एका करारावर सही करतात. आपल्या आवाक्यातील कारणाने मुलाने शिक्षण सोडले तर खर्च भरून द्यावा लागेल, आणि शिक्षणात इजा झाल्यास भरपाई मागता येणार नाही, अशी कलमे त्यात असतात. म्हणून सही करण्यापूर्वी ते वाचावे, प्रत जपून ठेवावी. आणि परत पाठविल्याच्या पत्रात कारण कोणते लिहिले आहे ते नीट पाहावे. जखमी होऊन परतलेल्या मुलांचा प्रश्न २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन हाती घेतला. १९८५ पासून अशी सुमारे ५०० मुले घरी गेल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचे ठरविले. वैद्यकीय मंडळाचे कागद जवळ असतील तरच अशा निर्णयाचा लाभ पदरात पडतो.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. आपल्याच मंडळातील एक वृद्ध मावशी एके सायंकाळी आल्या. त्यांनी काही विचारले नाही. म्हणाल्या, "बाळा, माझ्या नातवाचं गणित लई कच्चं आहे. रोज घंटाभर बसशील का त्याच्यापाशी?" तो उठला, तोंड धुतले आणि गेला. महिन्याभरात तेथे सात मुले जमू लागली. नवरात्रात गडावर रांगा लावण्यासाठी स्वयंसेवक हवे होते, तेव्हा त्याला बोलावणे आले. शिकलेली शिस्त तेथे कामी आली. आता तो किनवटला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय करणार, हे त्याने अजून सांगितलेले नाही. आम्हीही घाई करीत नाही.

दुःख संपले असे मी म्हणणार नाही. २६ जानेवारीचे संचलन सुरू झाले की तो उठून बाहेर जातो, आणि मी त्याच्या मागे जात नाही. काही दुःखे मुलांची त्यांनाच वाहू द्यावी लागतात. आपण फक्त घर उघडे ठेवावे.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. कोणाचे मूल कोठूनही परत आले, मग ते लष्करातून असो, वैद्यकीय महाविद्यालयातून असो की सासरहून असो, तर त्या घरी जाताना प्रश्न घेऊन जाऊ नका, एखादे काम घेऊन जा.