भाड्याचे घर : मालकाच्या बाजूने



घरमालकीवर बोलायला चालकांनी कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु मालकाची बाजू आता आमच्याच घरात येऊन बसली आहे. कारखान्यातून निवृत्त होणारा कामगार प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हाती पडली की आमच्या कचेरीत येतो आणि विचारतो, "भाऊ, एखादा ब्लॉक घेऊन भाड्याने लावू का?" त्याला जे सांगतो तेच आज येथे मांडणार आहोत. वकिलीचे शिक्षण आमच्यापाशी नाही. जो काही कायदा कळला तो कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, तारखेची वाट पाहत.

पहिली गोष्ट हिशेबाची. लोक वर्षाचे भाडे मोजतात आणि त्यालाच उत्पन्न समजतात. समजा, ४० लाखांचा ब्लॉक घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी व किरकोळ खर्च धरून ४३ लाख गेले. भाडे महिना १० हजार, म्हणजे कागदावर वर्षाला १ लाख २० हजार. एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिना रिकामा गेला, १० हजार वजा. सोसायटीची वर्गणी आणि घरपट्टी, २४ हजार. रंग, नळ, दलाली मिळून १२ हजार. उरले ७४ हजार, म्हणजे शेकडा पावणेदोनसुद्धा नाहीत! बँकेतली मुदत ठेव याहून बरे व्याज देते, आणि तिचा नळ गळत नाही. हे आकडे केवळ उदाहरणाचे. आपापल्या गावचे आकडे घालून प्रत्येकाने हिशेब करावा.

मग लोक घरे का घेतात? किंमत वाढेल म्हणून. पुष्कळदा ती वाढतेही. परंतु ती आशा झाली, आणि औषधवाल्याचे बिल आशेवर भागत नाही. कर्जावर घेणाऱ्याचे तर आणखी कठीण. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २० लाख काढले तर हप्ता १७ हजारांच्या वर जातो. भाडे आले १० हजार. वरचे सात हजार पगारातून जातात, पण पगार थांबल्यावर काय? निवृत्त माणसाने कर्ज काढून भाड्याचे घर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सगळी पुंजीही एकाच ब्लॉकात घालू नये. ऑपरेशनची वेळ आली तर नुसते स्वयंपाकघर तोडून विकता येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. बांधकाम चालू असेल तर महारेराकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, वकिलाचा शोध अहवाल आणि सोसायटीची बाकी नसल्याचा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. घर भाड्याने देणे म्हणजे ठेव ठेवणे नव्हे; ती एक नोकरी पत्करणे होय. याचा धडा मुंबईच्या चाळींनी दिला आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्यामुळे गिरणगावात गरीब माणूस टिकला. १९८२ च्या संपात पगार बंद पडला तेव्हा अनेक घरांना खोलीच्या त्या थोड्या भाड्याचाच आधार होता. हे आम्ही कधीही नाकारणार नाही. परंतु मालकाला दुरुस्ती परवडेना, मग त्याने ती सोडली. भाडेकरू हलेना आणि पागडीचा व्यवहार फोफावला. शेवटी मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. भिंत कोसळताना ती मालक आणि भाडेकरू असा भेद करीत नाही. म्हणून आम्ही नव्या मालकाला सांगतो : भाड्यातला दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी निराळा काढ, आणि तो भाडेकरूने तक्रार करण्यापूर्वीच खर्च कर.

१९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी असावा लागतो, त्याची नोंदणी व्हावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे पाडण्याचे ओझे मालकावर येते. शिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे हा गुन्हा आहे. रागाच्या भरात असे करणारे आमच्या ओळखीचे सज्जनही आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. भाड्याची पावती दर महिन्याला, न मागता द्यावी.

एक प्रश्न हटकून विचारला जातो. भाडेकरू कंत्राटी कामगार आहे, त्याचे काम सुटले, दोन महिन्यांचे भाडे थकले. अशा वेळी पेन्शनीतल्या मालकाने काय करावे? दोघेही आमचेच. आमचा सल्ला असा की, पहिल्याच महिन्यात जाऊन बसावे, बोलावे आणि थकबाकीचे हप्ते कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पुष्कळ माणसे एवढ्याने मार्गावर येतात. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी हलत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट रक्कम मागता येते. गुंड पाठवण्याची गरज नाही. अनामत रक्कम मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवावी. ती खर्चून बसलेल्या मालकाला भाडेकरूला "खोली सोड" म्हणण्याची सोय उरत नाही, कारण त्याच दिवशी त्याचे पैसे मोजून द्यावे लागतात.