घशाआधी हवा बघा

(टोरांटोतील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

प्रास्ताविक चालू असताना मी तुमचे खोकले ऐकत होतो. खोकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ना सर्दी असेल, ना ताप. सकाळी उठल्यावर घसा खवखवतो, चहा पोटात गेला की जरा बरं वाटतं. पोरांचा घोळणा फुटतो, शाल काढताना ठिणगी उडते. हे सगळं मुख्यतः घरातल्या कोरड्या हवेमुळे होतं आणि आपण औषध मात्र घशाला देत बसतो.

हवेतली वाफ, सापेक्ष आर्द्रता हे तुम्ही शाळेत शिकला आहात, ते पुन्हा सांगत नाही. फक्त आकडे ऐका. उणे 10 अंशांची हवा एका घनमीटरात जास्तीत जास्त सव्वादोन ग्रॅम वाफ धरते. पुण्यातल्या 12 अंशांच्या पहाटे हीच मर्यादा साडेदहा ग्रॅमपर्यंत जाते. इथे ती सव्वादोन ग्रॅमवाली हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येते आणि फर्नेस तिला 21 अंशांपर्यंत तापवतो. 21 अंशांच्या हवेत 18 ग्रॅम मावतात, आपल्या हवेत आहेत दोन. म्हणजे आर्द्रता जेमतेम 11 टक्के. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरात 30 ते 50 टक्के असावी म्हणते.

फर्नेस हवेतलं पाणी जाळतो असं अनेकांना वाटतं. तो पाण्याचा थेंबही जाळत नाही. तो हवेची तहान वाढवतो, आणि ती तहान हवा जिथे ओल सापडेल तिथून भागवते: नाकातून, घशातून, तंबोऱ्याच्या भोपळ्यातून. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा 37 अंशांची आणि पूर्ण ओली व्हावी लागते. ते काम नाक करतं. रात्री नाक चोंदलं आणि तोंडाने श्वास सुरू झाला की सगळा भार घशावर येतो. तिथला चिकट द्रव घट्ट होतो, धूळ बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात आणि खवखव सुरू होते.

(सभागृहातून : "आमच्याकडे हळद-दूध आहे की!" हशा.)

काकू, हळद-दूध जरूर घ्या. ज्येष्ठमध चघळा, मिठाच्या गुळण्या करा, वाफ घेताना फक्त उकळतं पाणी मुलांपासून दूर ठेवा. मी त्यांच्या विरोधात बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की घशाला अर्धा तास आराम देऊन आपण पुन्हा आठ तास त्याच हवेत झोपतो. माझा आग्रह आहे तो आर्द्रतामापकाचा. ताप आहे की नाही हे आपण हात लावून ठरवत नाही, थर्मामीटर लावतो. हवेलाही तसंच मापावं. आर्द्रतामापक दहा-पंधरा डॉलरला मिळतो. निजायच्या खोलीत, फर्नेसची गरम हवा जिथून येते त्या व्हेंटपासून दूर ठेवा.

या यंत्राची गोष्ट सांगतो, मला ती फार प्रिय आहे. जिनिव्हाचा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर. आल्प्सच्या प्रेमात पडलेला माणूस, 1787 साली माँ ब्लाँच्या शिखरावर गेला. त्याला डोंगरावरच्या हवेची ओल मोजायची होती. त्याने काय घेतलं? माणसाचा केस! केसातला तेलकटपणा काढून टाकला तर तो ओलसर हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. फरक शेकडा दोन-अडीच, पण काटा फिरवायला पुरेसा. 1783 साली त्याने यावर ग्रंथ छापला आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं हवामान वेधशाळांत केसाची यंत्रं चालली. विचार करा, एक केस आपल्याला न जाणवणारा फरक ओळखतो! आपल्या मंडळातले तबलजी सांगतील, जानेवारीत पुडी कशी ताणली जाते, सूर कसा चढतो. सतारीच्या पेटीत ओलसर स्पंज ठेवणारे गायक-वादक इथे बसले आहेत. वाद्याची इतकी काळजी, आणि गळा मात्र तसाच 11 टक्क्यांत...

(अध्यक्षांची चिठ्ठी.)

पाचच मिनिटं? बरं. मग उपाय भराभर सांगतो.

पहिला, थर्मोस्टॅट खाली आणा. रात्री 18 अंश ठेवा आणि गोधडी घ्या. तीच हवा 24 अंशांवर आणखी कोरडी ठरते. दुसरा, फटी बुजवा. गरम हवा माळ्याकडून निसटते आणि तिच्या जागी खालून थंड, कोरडी हवा खेचली जाते. पण फर्नेसचा धूर बाहेर नेणारी नळी आणि ताज्या हवेची वाट कधीही बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा गजर घरात हवाच.

("आम्ही व्हेंटवर पातेलं ठेवतो, ते चालेल का?")

हिशेब करू. खोली 40 घनमीटरची, तासाला निम्मी हवा बदलते असं धरा. 35 टक्क्यांवर टिकवायला आठ तासांत साडेसहाशे-सातशे ग्रॅम पाणी हवेत जायला हवं. पातेलं सकाळी किती उतरलं ते बघा, उत्तर मिळेल. त्यापेक्षा धुतलेले कपडे खोलीतच दोरीवर वाळत घाला, फायदा जास्त होईल. तेवढ्याने भागलं नाही तर ह्युमिडिफायर घ्या, पण रोज पाणी बदला, टाकी घासा. शेवाळलेल्या टाकीतून घशाला नवंच दुखणं लागतं. अल्ट्रासॉनिक यंत्रात नळाचं पाणी घातलं की क्षारांची पांढरी पूड घरभर बसते, त्यात डिस्टिल्ड पाणी वापरा. आणि आर्द्रता 50 च्या वर नेऊ नका, बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात. खिडकीच्या काचेवर पाणी ओघळायला लागलं की समजा जास्त झालं. बाहेर उणे 20 झालं की घरात 25 टक्क्यांवरच समाधान मानावं लागतं.

एक राहिलं, आणि ते अध्यक्ष थांबवत असले तरी सांगणार. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर हवेला दोष देत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.